कोड, थायरॉइड आणि आमवात

आमच्या आजोळी मोठ्या मावशीला आमवात, धाकटीला हाशिमोटो प्रकारचा थायरॉइड आणि मामेभावाच्या हातांवर कोड आहे. डॉक्टर वेगळे, औषधे वेगळी, त्यामुळे घरात या तीन गोष्टींचा एकमेकींशी संबंध कुणी लावला नाही. वास्तविक तिन्हींत प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटते, आणि कोड असलेल्यांच्या जवळच्या नातेवाइकांत थायरॉइडचे असे विकार इतरांपेक्षा अधिक आढळतात. वारशाने येतो तो ठरावीक आजार नव्हे, तर या उलटण्याकडे असलेला कल. त्यात मोठा वाटा सहाव्या गुणसूत्रावरील एचएलए जनुकांचा असतो, कारण प्रथिनांचे तुकडे टी-पेशींपुढे (प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींपुढे) मांडून आपले कोणते आणि परके कोणते हे ओळखण्याच्या कामात त्यांचीच भूमिका असते.

मात्र सारे जनुकांवरच ठरत असते, तर एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला झालेला आजार दुसऱ्यालाही व्हायलाच हवा होता. कोडाच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे 23 टक्के भरले, आमवातात तर साधारण 15 टक्केच.

उरलेल्या भागात आमवातापुरता सर्वांत भक्कम पुरावा विडी-सिगारेटच्या धुराविरुद्ध आहे. धुरामुळे फुफ्फुसांतील प्रथिनांमध्ये आर्जिनिन या अमिनो आम्लाचे सिट्रुलिन होते आणि एचएलएपैकीच डीआरबी1 या जनुकाचे विशिष्ट प्रकार असलेल्यांत या बदललेल्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ शकतात. स्वीडनमध्ये 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हा प्रकार आई-वडील दोघांकडूनही आलेल्या धूम्रपान करणाऱ्यांना अशा प्रतिपिंडांसह होणाऱ्या आमवाताचा धोका, दोन्ही गोष्टी नसलेल्यांच्या तुलनेत सुमारे 21 पट दिसला. तिथल्याच, ओठाखाली ठेवायच्या ओल्या तंबाखूचा (स्नूसचा) मात्र आमवाताशी तसा संबंध आढळला नाही, म्हणजे दोष निकोटिनपेक्षा धुराचा असावा. (मिश्री लावणाऱ्यांनी यात समाधान मानू नये, तोंडाच्या कर्करोगाचा प्रश्न तसाच राहतो.)

आपल्याकडे घरात कोड असल्याचे कळताच स्थळ परत जाते, हे मला अज्ञानाइतकेच क्रूरही वाटते. सख्ख्या भावंडांतही कोडाचे प्रमाण साधारण 6 टक्के आढळले आहे, आणि त्या डागांनी जिवाला धोका नसतो. चौकशी करायचीच तर घरात विडी कोण ओढते याची करावी.

मामेभावाला त्वचारोगतज्ज्ञांनी टीएसएच (थायरॉइडचे काम कसे चालले आहे हे सांगणारी रक्तचाचणी) तपासायला सांगितले, तेव्हा त्याला ते असंबद्ध वाटले होते. मावशीचा थायरॉइड लक्षात घेता ती तपासणी अगदी योग्य होती.