हंड्यावरचे तीन डाग

माझी एक विज्ञानकथा गेली दोन वर्षे एका बंद दारापाशी अडकून पडली होती. माणसांची वसाहत घेऊन शेकडो वर्षांपूर्वी निघालेले आणि वाटेतच अबोल झालेले एक अंतराळयान तिच्यात आहे, आणि त्याचा माग काढत आलेल्या दुसऱ्या यानावरचे सहा जण आहेत. हे सहा जण त्या जुन्या यानाच्या दाराशी येऊन उभे राहत, पण आत शिरल्यावर त्यांना काय दिसते, ते मला सुचत नसे. एकदा मी आत सांगाडे मांडले, एकदा एक अक्राळविक्राळ प्राणी सोडला, आणि दोन्ही वेळा स्वतःचीच लाज वाटून ती पाने फाडून टाकली. यंदा मे महिन्यात फोंडा तालुक्यातले आमचे अकरा वर्षे बंद असलेले जुने घर उघडले, तेव्हा कुठे ही अडचण सुटली.

आधी प्रवासाच्या हिशेबाविषयी. 1977 मध्ये निघालेले व्हॉयेजर-1 हे यान सेकंदाला सुमारे 17 किलोमीटर वेगाने जात आहे. सूर्याला सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी, 4.24 प्रकाशवर्षे, म्हणजे साधारण 40 लाख कोटी किलोमीटर दूर आहे. व्हॉयेजरच्या वेगाने तिथे पोचायला सुमारे 75,000 वर्षे लागतील, आणि एवढा काळ कोणत्याही कथेला झेपणारा नाही. म्हणून मी माझ्या यानाला प्रकाशाच्या एक टक्का, म्हणजे सेकंदाला 3,000 किलोमीटर वेग बहाल केला. तरीही 424 वर्षे लागतातच. गोव्यातल्या वाचकाला हा काळ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. पोर्तुगीज 1510 मध्ये आले आणि 1961 मध्ये गेले, त्या 451 वर्षांत हा सगळा प्रवास आरामात बसतो. पंचवीस वर्षांची एक पिढी धरली तर सतरा पिढ्या होतात, आणि त्यांतल्या मधल्या सर्वांनी ना पृथ्वी पाहिलेली असते, ना मुक्काम पाहायला मिळणार असतो.

बाहेरून पाहणाऱ्याला अशा यानाबद्दल काय कळू शकेल, याचाही मी बराच विचार केला. ते स्वतःभोवती फिरत असेल, तर त्यावरून आत कोणी जिवंत आहे असे म्हणता येत नाही. 224 मीटर त्रिज्येचे चाक मिनिटाला दोन फेऱ्या मारू लागले, की त्याच्या कडेवर पृथ्वीइतके वजन जाणवते. आणि पोकळीत घर्षण नसल्यामुळे, आतले सगळे गेले तरी ते चाक फिरतच राहते. खरी खूण उष्णतेची असते. माणसे, दिवे, पंप, शेती यांतून निघालेली उष्णता बाहेर टाकल्यावाचून कोणतेही यान चालू शकत नाही. त्यामुळे माझ्या कथेतले लोक दिवे शोधत नाहीत, ते आधी यानाचे तापमान मोजतात. ते थंडगार निघते.

आता घराविषयी. कुलूप गंजले होते, ते शेवटी तोडावे लागले. मी उत्साहाने आत शिरणार, तोच आत्याने दंड धरून मागे ओढले. “आधी काही हलवू नकोस रे. कोण कुठे बसायचं ते मला बघू दे,” ती म्हणाली, आणि उंबऱ्यावरूनच एकेक वस्तू न्याहाळू लागली. माझ्या कथेतल्या कप्तान बाई आता हेच वाक्य बोलतात, आणि मला ते कोणत्याही शास्त्रीय नियमावलीपेक्षा अधिक पटते.

न्हाणीघरात पाणी तापवायचा तांब्याचा हंडा होता. आत्याने तो आडवा करून मला त्याचा तळ दाखवला. तिथे तीन डाग मारलेले होते. पहिला डाग तांब्याचाच, कडेने इतका एकसारखा बसवलेला, की बोट फिरवल्याशिवाय सांधा लागत नव्हता. तो पणजोबांच्या काळी दारावर येणाऱ्या तांबटाचा. दुसरा झाळलेला, काहीसा ओबडधोबड, पण टिकाऊ. तो आजोबांनी बाजारातून करून आणलेला. तिसऱ्या जागी काकांनी एमसीलचा गोळा थापला होता आणि त्यावर त्यांच्या अंगठ्याचा ठसा जसाच्या तसा राहिला होता. विस्तवावर तो किती दिवस टिकला असेल, हे विचारण्याची गरज नव्हती. एका घरात एक कसब कसे आणि केव्हा नाहीसे झाले, याची नोंद कोणत्याही वहीत सापडली नसती, पण त्या तळावर मात्र ती क्रमाने लिहिलेली होती.

अंतराळात तर नवे सामान कुठूनच मिळत नाही, तिथे जे काही आहे ते दुरुस्तच करावे लागते. म्हणून हरवलेल्या यानात शिरणाऱ्यांनी “माणसे कुठे गेली” हा प्रश्न थोडा बाजूला ठेवावा आणि त्यांनी शेवटपर्यंत काय दुरुस्त केले आणि काय तसेच सोडले, ते आधी पाहावे, असे मला वाटते. नोंदवहीत माणूस खोटे लिहू शकतो, पण डागात ते जमत नाही.

वस्तूंवरून काळ ओळखण्याचे काम आपल्याकडे प्रत्यक्ष झालेले आहे. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्या संशोधकांना गोव्याच्या समुद्रात, सेंट जॉर्जेस रीफपाशी, एका बुडालेल्या जहाजावरचा माल सापडला. लाकडी सांगाडा उरलेला नव्हता. होती ती कौले, विटा आणि खांबांचे नक्षीदार माथे, आणि त्यांवर मंगळोरी कौले बनवणाऱ्या बाझल मिशन या ख्रिस्ती संस्थेच्या कारखान्याचा 1865 सालाचा शिक्का. एवढ्यावरून हे जहाज 1865 च्या आधी बुडालेले नाही, एवढे निश्चित सांगता येते. आमच्या घराच्या छपरावरही मंगळोरी कौलेच आहेत, त्यामुळे हा पुरावा मला नात्यातला वाटतो.

हवाही अशीच वाचता येते. अ‍ॅरिझोनातील बायोस्फिअर-2 या बंद काचघरात 1991 मध्ये आठ जण राहायला गेले, तेव्हा आतला प्राणवायू 20.9 टक्क्यांवरून सुमारे 14 टक्क्यांपर्यंत उतरला आणि बाहेरून भर घालावी लागली. सुपीक मातीतले जंतू तो खात होते, आणि त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये मुरत असल्याने प्रारंभी कोडे उलगडेना. यावरून मी एक तर्क बांधला. यानातले दिवे आधी विझले आणि ऊब टिकली, तर पिके कुजून प्राणवायू संपवतील. थंडी आधी आली, तर कुजणेच थांबेल आणि प्राणवायू बराचसा शिल्लक राहील. म्हणजे एकाच आकड्यावरून दोन घटनांचा क्रम लागतो! हा भाग लिहिताना मला इतका आनंद झाला, की संपादकांनी तो कापू नये, अशी आगाऊ विनंती इथेच करून ठेवतो.

यान रिकामे सापडले म्हणून त्यातली माणसे मेलीच, असेही नाही. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर 1981 मध्ये मुरगावहून निघाली. नंतर तिथे उभारलेले दक्षिण गंगोत्री हे पहिले केंद्र बर्फाखाली गाडले जाऊ लागले, तेव्हा माणसे रीतसर मैत्री या नव्या केंद्रात गेली. जुने केंद्र उकरून काढणाऱ्या एखाद्या अनोळखी माणसाला मात्र ती शोकांतिकाच वाटेल.

माझ्या कथेतले सहा जण आता पाण्याच्या मुख्य टाकीपाशी पोचले आहेत. टाकीवर चार डाग आहेत. पहिला पृथ्वीवर शिकलेल्या हाताचा, दुसरा त्याची नक्कल, तिसरा थापलेला. कप्तान बाई हातमोजा घातलेले बोट चौथ्या डागावरून फिरवतात, आणि त्यांना सांधा लागत नाही. तो कोणी मारला आणि हे कसब पुन्हा कोणाकडून शिकून घेतले, ते मला अजून लिहायचे आहे. दरम्यान आत्या हंडा घेऊन शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला गेली आहे.