कुलूप लावले, पण हवा राहिली

चाकणच्या औद्योगिक वसाहतीतील ज्या कारखान्यात मी सुरक्षा-प्रशिक्षणाचे काम पाहतो, तेथे व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर चढवल्यावर आभासी जग दाखवणारी साधने, आली तेव्हा माझे मत फारसे अनुकूल नव्हते. पाहुण्यांना दाखवायला आणखी एक वस्तू झाली, असेच मला वाटले होते. ते मत बदलले एका जुन्या फिटरमुळे.

धडा लॉकआउट-टॅगआउटचा होता. दुरुस्तीपूर्वी मुख्य स्विच बंद करायचा, त्याला स्वतःचे कुलूप लावायचे, नावाचा टॅग अडकवायचा, यंत्रात साठून राहिलेली ऊर्जा मोकळी करायची आणि शेवटी यंत्र सुरू करून पाहून ते खरोखरच बंद आहे याची खात्री करून घ्यायची, असा त्याचा क्रम. आमच्या फिटरमामांना तो तोंडपाठ आहे आणि लेखी चाचणीत त्यांचा एकही गुण आजवर गेलेला नाही. हेडसेटमधील आभासी प्रेससमोर, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्रासमोर, त्यांनी वीज बंद केली, कुलूप लावले, टॅग अडकवला आणि अडकलेला पत्रा काढण्यासाठी हात आत घातला. दाबाच्या हवेवर चालणाऱ्या न्यूमॅटिक सिलिंडरमधील हवा मात्र त्यांनी सोडली नव्हती, त्यामुळे पत्रा सुटताच सिलिंडर खाली आला. मामांनी दचकून हात मागे घेतला, हेडसेट काढला आणि काही वेळ उजव्या पंजाकडे पाहत राहिले. "साहेब, खरं असतं तर बोटं गेली असती," एवढेच ते म्हणाले.

ही चूक मी वर्गात कित्येकदा चित्रांसह समजावून सांगितली होती. परंतु ऐकणारा माणूस ती नेहमी दुसऱ्याची चूक म्हणून ऐकतो, आणि खऱ्या प्रेसवर ती कोणाला करू देता येत नाही. हेडसेटने ठेवलेली मामांच्या सरावाची नोंद नंतर उघडली, तेव्हा असे दिसले की संपूर्ण वेळात त्यांचे डोके हवेचा दाब दाखवणाऱ्या प्रेशर गेजच्या दिशेला एकदाही वळलेले नव्हते. क्रम पाठ होता, नजरेला मात्र तेथे जाण्याची सवय नव्हती, आणि हे मला कोणत्याही उत्तरपत्रिकेतून कळले नसते.

चुकीला सुरक्षित जागा देण्याची ही कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेत ऑर्गन बनवणाऱ्या घराण्यातील एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये वैमानिकांसाठी जे सराव-यंत्र तयार केले, ते ऑर्गनच्याच भात्यांवर आणि हवेच्या दाबावर डोलत असे. सुरुवातीला जत्रेतील खेळणे म्हणूनच त्याला गिऱ्हाईक मिळाले. १९३४ मध्ये टपाल वाहून नेणारे लष्करी वैमानिक खराब हवामानात एकामागून एक मृत्युमुखी पडले, तेव्हा कोठे लष्कराने ही यंत्रे विकत घेतली.

तरीही हेडसेटवर सगळा भार टाकायला मी तयार नाही. व्हीआरमध्ये आग विझवताना बोटाने कंट्रोलरचा ट्रिगर दाबला की काम होते. प्रत्यक्षात सहा किलो पावडर भरलेले अग्निशामक उचलावे लागते, त्याची पिन घामट हाताने ओढावी लागते आणि ते अर्ध्या मिनिटाच्या आत रिकामे होते. उंचीवरच्या कामाचेही तसेच आहे. आभासी परांचीच्या कडेला उभे राहिल्यावर तरण्याताठ्या मुलांचेही पाय लटपटतात, हे खरे, पण पडण्यापासून वाचवणाऱ्या हार्नेसचा मांडीवरचा पट्टा किती आवळायचा हे अंगावर पट्टा चढवल्याखेरीज कळत नाही. म्हणून आमच्याकडे हेडसेटनंतर त्याच दिवशी खऱ्या साधनांवर सराव होतो.

फोर्कलिफ्टचा धडा तर आम्ही बंदच केला. डोळ्यांना वाहन पुढे चाललेले दिसते आणि कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा शरीर जागेवरच असल्याचे सांगते. या विसंवादातून मळमळ होते, आणि जेवणानंतरच्या तुकडीत ती जास्त दिसली. खरेदी करणाऱ्यांनी आणखी एक फरक ध्यानात घ्यावा. ३६० अंशांच्या चित्रफितीत मान वळवता येते, पण वाकून पाहता येत नाही, की झडप फिरवता येत नाही. अमेरिकेतील वॉलमार्टने २०१८ मध्ये आपल्या दुकानांसाठी सुमारे १७ हजार हेडसेट घेतले, ते याच साध्या प्रकारात मोडणारे होते. गर्दी हाताळायला शिकवण्यासाठी तेवढे पुरते, फिटरला मात्र पुरत नाही.

मध्यंतरी हेडसेटमधील सरावाच्या नोंदी कामगारांच्या वार्षिक मूल्यमापनाला जोडाव्यात, अशी मागणी वरून आली. मी लेखी विरोध केला. गुण पगाराशी बांधले गेले की माणूस चूक करून पाहणार नाही, तो फक्त उत्तीर्ण होण्याचा मार्ग पाठ करील. निर्णय अजून झालेला नाही.

दरम्यान मामांनी एक दोष दाखवून दिला आहे. आभासी प्रेसची झडप उघडली की हवा मुकाट्याने जाते, तर आमची झडप फुसफुसते, आणि तो आवाज थांबेपर्यंत हात आत घालायचा नसतो. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांना मी तसे कळवले आहे. पुढील आवृत्तीत आवाज घालू, असे त्यांचे उत्तर आले आहे. तोवर प्रत्येक तुकडीला मामा स्वतः खऱ्या प्रेसजवळ नेतात आणि झडप उघडून तो आवाज ऐकवतात.