खिशातला रेडिओ आणि पुणे केंद्र

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या घरापासून पुणे सरळ रेषेत सुमारे १६० किलोमीटर, जवळजवळ थेट दक्षिणेला आहे. आकाशवाणीच्या पुणे केंद्राची मध्यम लहरींवरची, म्हणजे एएमवरची ७९२ किलोहर्ट्झ ही जागा लावायची आणि दिवसाउजेडी बातम्यांमधला शब्द न् शब्द कळतो का ते पाहायचे, हीच पॉकेट रेडिओसाठी माझी वर्षानुवर्षांची परीक्षा आहे. नाशिक केंद्र १०१.४ मेगाहर्ट्झवर, म्हणजे एफएमवर आहे आणि ते गावातच असल्यामुळे कुठल्याही रेडिओवर खणखणीत वाजते. दुकानदारही तेच लावून दाखवतो. त्यामुळे घरी आणलेला रेडिओ एएमवर नुसता खरखरतो, तेव्हा दोष कशाचा हे ग्राहकाला कळत नाही.

बाहेर ओढायची एरियल एफएमसाठी असते. एएमचा अँटेना आत असतो: फेराइट या चुंबकीय पदार्थाची काळी कांडी आणि तिच्यावर तांब्याच्या बारीक तारेचे वेढे. ७९२ किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी जवळपास ३७९ मीटर भरते आणि खिशातल्या रेडिओत कांडी जेमतेम पाच-सहा सेंटिमीटरची असते. एवढ्याशा कांडीला जे गवसते त्यावरच पुढचे सगळे काम चालते, म्हणून इथे कांडीची लांबी आणि जाडी यांइतके महत्त्व मी दुसऱ्या कशालाही देत नाही. दहा सेंटिमीटरची कांडी बसवलेला थोडा मोठा रेडिओ घ्यायला मी कधीही तयार असतो, मग खिसा थोडा फुगला तरी चालेल. गुंडाळी लिट्झ तारेची, म्हणजे परस्परांपासून विलग अशा अनेक बारीक तारांच्या पिळाची असेल तर तिच्यात ऊर्जा कमी वाया जाते. कांडीला स्पीकर किंवा सेल खेटून बसवलेले असतील, तर चांगली कांडीही मंदावते.

कांडी रेडिओत कशी बसवली आहे याकडे मात्र फार थोडे लोक पाहतात. मध्यम लहरींसाठी ती जमिनीला समांतर असावी लागते. उभ्या रेडिओत ती वरच्या कडेला आडवी असेल, तर रेडिओ शर्टाच्या खिशात ठेवूनही ऐकता येतो. ती उंचीच्या दिशेने बसवलेली असेल, तर रेडिओ उभा धरताच आवाज बसतो आणि आडवा केला की परत येतो. शिवाय केंद्राची दिशा कांडीला काटकोनात असेल तेव्हा ग्रहण सर्वांत चांगले होते आणि कांडीचे टोक केंद्राकडे वळले की ते जवळजवळ नाहीसे होते. म्हणजे पुण्यासाठी कांडी पूर्व-पश्चिम हवी आणि नैर्ऋत्येला असलेल्या मुंबईसाठी वायव्य-आग्नेय.

माझ्याकडच्या एका जुन्या रेडिओवर पट्ट्याच्या वरच्या टोकाची, म्हणजे जास्त किलोहर्ट्झची केंद्रे छान लागत, पण मुंबईचे ५५८ किलोहर्ट्झ अगदी क्षीण येई. मागचे झाकण उघडले तेव्हा गुंडाळी मेणाने चिकटवलेली दिसली. सोल्डरिंगच्या तापलेल्या टोकाने मेण जेमतेम मऊ केले, ५५८ लावून ठेवले आणि प्लॅस्टिकच्या काडीने गुंडाळी कांडीवर केसभर पुढेमागे सरकवत राहिलो. साधारण दोन मिलिमीटरवर निवेदकाचा आवाज एकाएकी भरीव झाला. मग वरच्या टोकाला गँगवरचा (केंद्र लावण्याच्या कपॅसिटरवरचा) ट्रिमर, म्हणजे जुळवणीचा छोटा स्क्रू फिरवून घेतला, पुन्हा खाली येऊन गुंडाळी तपासली आणि मेण थंड होऊ दिले. कारखान्यात या जुळवणीला पाच मिनिटे जास्त दिली असती, तर तो रेडिओ पहिल्या दिवसापासून तसाच वाजला असता, याचे मला आजही वाईट वाटते. एकाच चिपवर चालणाऱ्या नव्या रेडिओंमध्ये ही जुळवणी बहुधा चिपच करते, पण कांडी आखूड असेल तर तीही काय करणार?

दुसरी गोष्ट निवडीची, म्हणजे शेजारच्या केंद्रांतून हवे ते वेगळे काढण्याची. आपल्याकडे मध्यम लहरींवरची केंद्रे नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतराने बसवलेली असतात. दिवसा हे अंतर पुरेसे वाटते. सूर्यास्तानंतर मात्र आयनांबरातला, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित वरच्या भागातला, लहरी शोषून घेणारा खालचा थर विरळ होतो, शेकडो किलोमीटरवरची केंद्रे परावर्तित होऊन येतात आणि शेजारशेजारची केंद्रे एकमेकांत मिसळतात. रेडिओ प्रत्येक केंद्राची लहर आधी ४५५ किलोहर्ट्झ या ठरावीक जागी आणतो; या आयएफ टप्प्यातला नको ती केंद्रे गाळणारा फिल्टर कसा आहे ते तेव्हा कळते. नुसत्या आयएफ कॉइलवर भागवलेल्या रेडिओपेक्षा चांगला सिरॅमिक फिल्टर असलेला रेडिओ रात्री कितीतरी स्वच्छ ऐकू येतो. फिल्टर अरुंद असला की गाणे थोडे दबके वाटते, पण बोलणे कळते आणि मला बोलणे कळण्याशी कर्तव्य आहे. परदेशातून मागवलेल्या डिजिटल रेडिओवर ट्यूनिंग दहा किलोहर्ट्झच्या टप्प्यावर ठेवलेले नाही ना, हे आधी पाहावे. तसे असेल तर ७९२ वर तो थांबणारच नाही.

उरते ती घरातली खरखर. मोबाइलचा चार्जर आणि स्वस्तातले एलईडी दिवे मध्यम लहरींवर इतका गोंगाट सोडतात की उत्तम रेडिओही हतबल होतो. आमच्या जिन्यातला दिवा लागला की पुणे केंद्र बुडते. तो दिवा घराच्या पूर्वेला आहे. गॅलरीत बसून कांडीचे टोक नेमके त्या दिव्याकडे वळवले की खरखर जवळजवळ मावळते आणि कांडी पूर्व-पश्चिमच राहत असल्यामुळे पुण्याच्या बातम्या तशाच ऐकू येत राहतात. गॅलरीच्या कठड्यावर रेडिओची ही जागा मी पेन्सिलीने आखून ठेवली आहे.