खवट

आमच्या घरी शेवेचा डबा कुणीही उघडावा, पण शेव खाण्याजोगी आहे की नाही हे नानांनीच सांगावं, असा रिवाज होता. इंदुरात शेव पोह्यांवर पडते, वरणभाताबरोबर चालते आणि घरात भाजी नसली तर शेवेचीच भाजी होते. डबा सारखा भरला जायचा आणि दर वेळी तळाशी मागच्या खेपेची मूठभर शिल्लक असायची. तपासणी तिची. नाना झाकण काढल्या काढल्या नाक घालत नसत. क्षणभर थांबत, चार काड्या तळहातावर घेत, अंगठ्याने चुरत, हात नाकाशी नेत आणि एका शब्दात निकाल देत, “गेली.”

आम्हाला काही कळायचं नाही. दोन दिवसांनी कळायचं.

सराफ्याकडच्या एका दुकानात मी लहानपणी त्यांच्याबरोबर जायचे. दुकानदार म्हणायचा, “बाबूजी, आज का ही माल है.” नाना वास घेऊन म्हणायचे, “माल आज का होगा, तेल परसों का है.” दुकानदार हसायचा आणि आतल्या पिंपातली काढून द्यायचा. नाना बँकेत होते. खोट्या सह्या पकडायची सवय नाकापर्यंत गेली होती, असं आई म्हणायची.

पुढे मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागले तेव्हा तेलाच्या ऑक्सिडीकरणाचा धडा आला की नानांचा तळहात आठवायचा. तेलातल्या ज्या स्निग्धाम्लांमध्ये दुहेरी बंध जास्त, ती हवेतल्या ऑक्सिजनला लवकर बळी पडतात. एका रेणूचा हायड्रोजन गेला की तो शेजाऱ्याचा ओढतो, शेजारी पलीकडच्याचा, आणि गल्लीत एकाचं भांडण सगळ्यांचं व्हावं तसं ते पसरत जातं. शेवटी लांब साखळ्या तुटून हेक्झॅनालसारखे बारके, उडून जाणारे रेणू तयार होतात. खवट वास त्यांचा. ऊन लागलं की हे लवकर होतं, आणि तांबं किंवा लोखंड संगतीला असलं तर फारच लवकर. आजी कल्हई उडालेल्या पितळी डब्यात तूप ठेवू देत नसे ते काही उगीच नाही. (मराठीत माणसालाही खवट म्हणतात. तो कशाने होतो ते मात्र कुठल्या धड्यात नाही.)

2014 च्या दिवाळीनंतर कधीतरी डब्याच्या तळाची शेव नानांनी पोह्यांवर घातली आणि खाल्ली. मी पहिला घास घेतला आणि थांबले. इतकी खवट होती की घशाशी ओरखडा उठला. आईने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. नाना शांतपणे खात होते.

“नाना, शेव कशी आहे?”

“बरी आहे की. जिरावण जरा कमी पडलं.” (जिरावण म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला.)

सर्दी असेल, वय झालं, असं म्हणून आम्ही विषय सोडला. नानांनी स्वतः तपासणी बंद केली नाही. झाकण काढायचे, थांबायचे, चुरायचे, वास घ्यायचे. निकाल तेवढा कायम “बरी आहे” असा यायला लागला. आई गुपचूप डबा बदलायची.

पाच-सहा वर्षांनी त्यांचा एक चेक परत आला. कारण, सही जुळत नाही. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या सह्या जुळवलेल्या माणसाला हा अपमान फार लागला. पण मी कपाटातून जुनं पासबुक काढून दोन्ही सह्या शेजारी ठेवल्या तेव्हा चेक परत करणाऱ्याला बोल लावता येईना. जुनी सही ऐसपैस होती, शेवटच्या अक्षराचं शेपूट पार कागदाच्या कडेला जाणारं. नवी तशीच सुरू व्हायची आणि तिसऱ्या अक्षरापासून आक्रसत आक्रसत मुंगीएवढी व्हायची. चालताना उजवा हात हलत नाही हेही तेव्हाच लक्षात आलं. कंप नव्हता. डॉक्टरांनी बोटं उघडझाक करायला लावली, मनगट फिरवून बघितलं, चालवून बघितलं. मग सहज विचारावं तसं विचारलं, “काका, वास कसा येतो?”

आईने एकदम माझा हात धरला.

निदान झालं पार्किन्सनचं, हालचाली मंदावत नेणाऱ्या मेंदूच्या आजाराचं. त्यात बहुतेकांचं घ्राणज्ञान कमी होतं आणि ते हात थरथरण्याच्या कितीतरी वर्षं आधी सुरू होऊ शकतं. अल्फा-सिन्युक्लिन नावाच्या प्रथिनाचे गोळे ज्या जागी लवकर साचायला लागतात त्यांत वासाचा कंद येतो. चालण्याबोलण्यातला फरक दिसतो तोवर मेंदूच्या बुडाशी असलेल्या सबस्टॅन्शिया नायग्रा या काळसर पट्टीतल्या, डोपामिन हे हालचालींचा निरोप नेणारं रसायन बनवणाऱ्या निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात.

रात्री मी माझीच पुस्तकं उघडून बसले. मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम 2 टक्के, पण बसल्या जागी एकूण ऑक्सिजनपैकी 20 टक्के एकटा खातो. वर तो स्निग्ध पदार्थांनी भरलेला, आणि त्यातही दुहेरी बंधांची स्निग्धाम्लं भरपूर. म्हणजे तेल आहे, हवा आहे, ऊब आहे. खवट व्हायला आणखी काय लागतं? लोखंड. त्या काळ्या पट्टीत तेही पुष्कळ.

हा ऑक्सिजन खर्च होतो तंतुकणिकांमध्ये, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात. उन्हाळ्यात आमच्या गल्लीत टँकर यायचा तेव्हा घरांपर्यंत माणसांची रांग लागायची आणि बादल्या हातोहात पुढे जायच्या. तिथेही तसंच. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन विकरांच्या, म्हणजे एन्झाइमांच्या, रांगेतून पुढे सरकतात आणि शेवटी ऑक्सिजन त्यांना घेऊन पाणी होतो. रांगेत हिंदकळणं आलंच. पहिल्या आणि तिसऱ्या विकरसमूहापाशी एखादा इलेक्ट्रॉन सांडतो आणि ऑक्सिजनला चिकटून त्याचा सुपरऑक्साइड होतो. तो टिपायला विकर आहे, सुपरऑक्साइड डिस्म्युटेज. त्याच्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड उरतो, त्याची विल्हेवाट लावायला आणखी विकरं. हे रोज, प्रत्येक पेशीत, आपल्याला पत्ता न लागता चालू असतं. पण पेरॉक्साइड लोखंडाच्या हाती लागला तर त्यातून हायड्रॉक्सिल निघतो, आणि तो समोर येईल त्याला धरतो.

डोपामिनच्या पेशींचं दुखणं आणखी निराळं. काम झालेलं डोपामिन मोडीत काढणारं एक विकर, मोनोअमाइन ऑक्सिडेज, मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या आवरणावरच बसलेलं असतं, आणि दर रेणूमागे तेही एक पेरॉक्साइड सोडतं. 1989 मध्ये लंडनच्या संशोधकांनी पार्किन्सनने गेलेल्यांच्या मेंदूतली ही पट्टी तपासली तेव्हा रांगेतला पहिलाच विकरसमूह अधू झालेला सापडला. हायड्रॉक्सिनोनेनालही याच पेशींत वाढलेलं आढळतं. ते नाव वाचून मी पुस्तक मिटलं. खवट शेवेत ज्याचा वास येतो त्या हेक्झॅनालच्या नात्यातलंच ते, त्याच जातीच्या स्निग्धाम्लातून निघालेलं.

इलेक्ट्रॉन सांडले म्हणून पेशी मेल्या, की पेशी खचत होत्या म्हणून ते सांडले, यावर अजून वाद आहे. पण पहिला विकरसमूह बंद पाडला तर काय होतं ते माणसांत दिसलेलं आहे. 1982 मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण अचानक दगडासारखे थिजून इस्पितळात आले. घरगुती भट्टीवर बनवलेलं नकली हेरॉइन त्यांनी टोचून घेतलं होतं. बनवताना चूक झाली आणि त्यात एमपीटीपी हा पदार्थ तयार झाला. तो मेंदूत शिरल्यावर त्याचं विष करतं तेच मोनोअमाइन ऑक्सिडेज. विष डोपामिनच्याच दरवाजाने डोपामिनच्याच पेशीत शिरतं आणि पहिला विकरसमूह बंद करतं. म्हाताऱ्यांचा म्हणून ओळखला जाणारा आजार त्या पोरांना काही दिवसांत झाला. विल्यम लँगस्टन या डॉक्टरांनी त्याचा माग काढला.

नानांना यातलं थोडंफार सांगितलं, दुसऱ्या कुणी अर्धवट सांगण्यापेक्षा मीच सांगावं म्हणून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, बँकेत कर्जाचा अर्ज ऐकत असतील तसं.

“म्हणजे आतलं तेल गेलं म्हणायचं.”

“तसंच काहीसं.”

“आणि वास मला आला नाही.”

यावर काय बोलायचं?

मग नातेवाईक आले. एका आत्याने बदाम सांगितले, एका मामाने व्हिटॅमिन ई. बाहेरच्या तेलात ते खरंच कामी येतं, खवटपणा लांबतो. म्हणून आतही येईल असं शास्त्रज्ञांनाही वाटलं होतं. अमेरिका-कॅनडात 800 रुग्णांवर प्रयोग झाला, रोज 2000 युनिट, आणि 1993 मध्ये निकाल लागला की उपयोग नाही. मामांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, “त्यांचं व्हिटॅमिन वेगळं असेल.” बाटली अजून फ्रिजवर आहे.

उपयोग होतो तो लेव्होडोपाचा, मेंदूत जाऊन ज्याचं डोपामिन होतं त्या औषधाचा. गोळी घेतली की पाऊण तासाने नाना मोकळे होतात, सही पुन्हा ऐसपैस येते. फक्त ती जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायची, कारण प्रथिनं पोटातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जाताना तिची वाट अडवतात. शेव बेसनाची, बेसनात प्रथिनं. त्यामुळे सकाळचे पोहे घड्याळ बघून मिळतात. नानांना औषधापेक्षा याचाच राग जास्त.

एक गोष्ट मात्र त्यांना आवडली. बिघडलेल्या तंतुकणिका पेशी उचलून नेते. पिंक-1 नावाचं प्रथिन धडधाकट तंतुकणिकेत आत ओढलं जातं आणि संपतं. तंतुकणिका अशक्त झाली की तिला ते आत ओढवत नाही, ते दाराशीच पडून राहतं. ते दिसलं की पार्किन नावाचं दुसरं प्रथिन येतं, दारावर खुणा करतं, आणि मग उचलणारे येतात. काही घराण्यांत तरुणपणीच हा आजार होतो, त्यांच्यात ही खूण करणारंच बिघडलेलं असतं. पार्किनचा जनुक 1998 मध्ये जपानी घराण्यांत सापडला. 2017 पासून स्वच्छतेच्या पहिल्या नंबरावर पोसलेल्या इंदूरकराला हे समजावून सांगावं लागत नाही.

“गाडी येते, पण दारात ठेवायला तर पाहिजे,” नाना म्हणाले.

परवा सकाळी त्यांनी डबा घेतला. झाकण काढलं, थांबले. चार काड्या तळहातावर घेतल्या. अंगठा आता हळू फिरतो, चुरायला वेळ लागतो. हात नाकाशी नेला, तिथेच ठेवला, आणि मग माझ्यापुढे केला.

“तू बघ.”

मी वास घेतला. “गेली.”

“नक्की? की तुला आपलं वाटतंय?”

“नक्की.”

बाहेर कचरागाडीचा भोंगा वाजत होता. मी डबा पुडीवर उपडा केला आणि धावत निघाले, तर मागून आवाज आला,

“अगं, शेव ओल्यात. कागद सुक्यात टाक.”