उताऱ्यात काय लिहिलंय ते लिही रे बाबा!

आमच्या चिरंजीवांना दहावीच्या पहिल्या चाचणीत मराठीत इतके कमी मार्क पडले की मी पेपर घेऊन सरळ बाईंना गाठलं, म्हटलं हा मुलगा दिवसभर गोष्टीची पुस्तकं वाचतो आणि उताऱ्यावरच्या प्रश्नांत मार्क जातात म्हणजे काय? बाई हसल्या, म्हणाल्या, तुम्हीच एकदा सोडवून बघा.

मग काय, बसले रात्री भांडी आवरून. कृतिपत्रिका, म्हणजे आताची प्रश्नपत्रिका, 80 मार्कांची, त्यात गद्य विभाग 18 चा, दोन पाठातले उतारे 7-7 चे आणि एक अपठित, म्हणजे पुस्तकाबाहेरचा, 4 चा. आमच्या वेळी नुसते प्रश्नोत्तरं असायची, आता आकृतिबंध, चौकटी, ओघतक्ता, आणि शेवटी 3 मार्कांचं स्वमत, म्हणजे स्वतःचं मत लिहायचं.

सरावाचा एक उतारा होता, आजोबा दारातली चिंच तोडायला आलेल्या व्यापाऱ्याला चहा पाजतात, फांदीला लटकलेल्या रिकाम्या झोपाळ्याकडे बघतात आणि काही न बोलता त्याला फाटकापर्यंत सोडून येतात. प्रश्न, आजोबांनी झाड का विकलं नाही? लेकाने लिहिलेलं, झाडं ऑक्सिजन देतात, झाडे लावा झाडे जगवा, आणि पाऊण पान पर्यावरण! मी त्याला हसले खरी पण माझंही उत्तर फार वेगळं नव्हतं, मी लिहिलं होतं की आजोबांना पैशाचा मोह नव्हता. आता पैशाचा विषय उताऱ्यात आहे कुठे? झोपाळा रिकामा आहे ही एकच गोष्ट आजोबांच्या मनातलं सांगत होती, आणि ती आम्ही दोघांनीही वाचून सोडून दिली.

तेव्हापासून एकच नियम केला. उत्तर लिहायच्या आधी ज्या वाक्यावरून सुचलं त्याच्याखाली पेन्सिलने रेघ मारायची, रेघ मारता आली नाही तर ते उत्तर उताऱ्यातलं नाही, डोक्यातलं आहे. स्वमतातसुद्धा आधी उताऱ्यातला आधार, मग स्वतःचं एखादं उदाहरण. नुसतं ‘मला असे वाटते की’ लिहून मत होत नाही हे त्याला पटवायला दोन आठवडे गेले.

वैचारिक उताऱ्यांनी जास्त छळलं. शाळेत मोबाइल असावा का यावर एक होता, पहिला अख्खा परिच्छेद मोबाइलच्या विरोधात, आणि दुसऱ्याची सुरुवात ‘परंतु हा आक्षेप वरवरचा आहे’. लेकाने लेखकाचं मत म्हणून पहिला परिच्छेदच उतरवून काढला! म्हटलं अरे, ‘काही जण म्हणतात’ म्हणजे लेखक म्हणत नाही, तो समोरच्याचं म्हणणं आधी मांडतोय, मग खोडणार आहे. मग ‘पण’, ‘परंतु’, ‘तरीही’, ‘म्हणून’ दिसला की गोल करायचा, आणि ‘म्हणून’च्या पुढे काय आहे ते दोनदा वाचायचं. हे त्याला आवडलं, गणितासारखं वाटलं बहुतेक.

प्रिलिमला अपठितात 4 पैकी साडेतीन. अर्धा मार्क गेला कारण चौकटीत उताऱ्यातला ‘वृद्ध’ न लिहिता याने ‘म्हातारा’ लिहिलं. बाई म्हणाल्या, चौकटीत उताऱ्यातलाच शब्द हवा. ते मात्र मला अजून पटलेलं नाही, मुलाला अर्थ कळला म्हणूनच तर दुसरा शब्द सुचला ना?