सवय झाली असेल ना आता?

लग्नकार्यात भेटलेल्या मावश्या विचारतात, एसटीत शेजारी बसलेल्या बाई विचारतात, आणि विद्यालयात नव्यानं रुजू झालेल्या शिक्षिका तर पहिल्याच फेब्रुवारीत विचारतात. "सात वर्षं सांभाळलेली मुलं दरवर्षी निघून जातात. तुम्हाला सवय झाली असेल ना आता?" विचारणाऱ्याला दोनांपैकी एक उत्तर हवं असतं. एक तर मी डोळ्यांना पदर लावावा, नाहीतर "नोकरीच आहे ती" म्हणून मोकळं व्हावं. दोन्ही खरं नाही. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

मी जवाहर नवोदय विद्यालयात मराठी शिकवते आणि मुलींचं एक हाऊस, म्हणजे वसतिगृहातला एक गट, सांभाळते. ज्यांना नवोदय माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: 1985-86 साली हरियाणातलं झज्जर आणि आपलं अमरावती अशा दोन ठिकाणी ही निवासी शाळा सुरू झाली. आज तमिळनाडू सोडला तर देशातल्या जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यात एक आहे. पाचवीत असताना परीक्षा द्यायची, निवड झाली की सहावीत प्रवेश. एका वर्षी जास्तीत जास्त 80 मुलं घेतात, त्यातल्या किमान 75 टक्के जागा खेड्यातल्या मुलांच्या. राहणं, जेवण, गणवेश, वह्या-पुस्तकं, गादी, इतकंच काय, दात घासायची पेस्ट आणि डोक्याचं तेलसुद्धा सरकारचं. अकरा वर्षांचं पोर पेटी घेऊन येतं आणि सतरा-अठरा वर्षांचं होऊन जातं. मधे त्याला ताप येतो, चष्मा लागतो, आवाज फुटतो, मुलींना पाळी येते, जिवलग मैत्रिणीशी बोलणं बंद होतं. हे सगळं घडतं तेव्हा आई-बाप शंभर किलोमीटरवर असतात आणि आम्ही पन्नास पावलांवर.

"म्हणजे लेक सासरी पाठवल्यासारखंच की!" हे वाक्य हमखास येतं. मला ते पटत नाही. लेक सासरी जाते ती आपल्या घरातून. आमच्याकडची मुलगी जाते ती स्वतःच्या घरी. ती आमची कधीच नव्हती, आम्हाला ती सांभाळायला दिली होती. हे विसरलं की निरोपाचा नुसता तमाशा होतो. असे तमाशे मी पाहिलेत: माइक हातात घेऊन स्वतःच हुंदके देणारे शिक्षक, आणि त्यांना पाणी आणून देणारी बारावीची मुलं.

बारावीचा निरोप समारंभ व्हायला हवा, मी त्याच्या विरोधात नाही. बोर्डाचे, म्हणजे आमच्याकडे सीबीएसईचे, पेपर फेब्रुवारीच्या मध्याला सुरू होतात, म्हणून अकरावीची मुलं जानेवारीच्या अखेरीला नाहीतर फेब्रुवारी लागला की लगेच तो उरकतात. आणि त्या दिवशी दुपारनंतर स्टाफ क्वार्टर्समध्ये जे चालतं त्याला तोड नाही. मुलींना साडी नेसायची असते. गावाकडून साडी मागवावी तर पालकभेटीचा रविवार होऊन गेलेला असतो, किंवा आईकडे बऱ्यापैकी अशी एकच असते आणि तीही कुणाच्या तरी लग्नात नेसायला लागणार असते. मग आमची कपाटं उघडतात. माझी मोरपंखी इरकल एका बॅचला नेसून दिली आणि तेव्हापासून ती जणू सार्वजनिक मालमत्ता झाली. थोरल्यांनी धाकट्यांना सांगून ठेवलंय, "मॅमकडे मोरपंखी आहे, आधी जाऊन सांगून ठेव." ब्लाऊज दंडात सैल, पाठीला घट्ट. मग पिना. एकेका मुलीला इतक्या पिना लागतात की तिला कुणी जवळ घेताना जपून घ्यावं. उदयगिरी हाऊसवाल्या शिवालिक हाऊसवाल्यांना निऱ्या घालून देतात, ज्यांचं खो-खोच्या मॅचवरून वर्षभर पटलेलं नसतं. आणि एवढं नटून झाल्यावर पायात शाळेचे काळे बूट, कारण दुसऱ्या चपला म्हणजे बाथरूमच्या. साडी थोडी खाली नेसवायची, बूट दिसत नाहीत. हे मी नव्या शिक्षिकांना आवर्जून शिकवते.

मग गाणी, टायटल्स, प्राचार्यांचं भाषण, फोटो, मेसमध्ये पनीर आणि गुलाबजाम. सगळे मनसोक्त रडतात. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हीच निरोप दिलेली मंडळी ताट घेऊन पोह्यांच्या रांगेत उभी असतात! आदल्या रात्री "मॅम, तुमच्याशिवाय कसं होणार" म्हणत गळ्यात पडलेली मुलगी आज पीटी बुडवल्याबद्दल माझी बोलणी खात असते. पुढचे दोन महिने ती इथंच असणार असते. म्हणून म्हणते, समारंभ हा निरोप नव्हे.

खरा निरोप मार्च-एप्रिलमध्ये, हप्त्याहप्त्यानं होतो. बारावीचे पेपर सगळ्यांचे एकाच दिवशी संपत नाहीत. कुणाचा शेवटचा पेपर जीवशास्त्राचा, कुणाचा संगणकाचा, मधे आठवडा नाहीतर दहा दिवस. डॉर्मिटरी एकदम रिकामी होत नाही. आज तीन गाद्या गुंडाळल्या जातात, परवा पाच. शेवटी दोघी-तिघी उरतात आणि एवढ्या मोठ्या हॉलमध्ये एकमेकींच्या खाटा चिकटवून झोपतात.

जाण्याआधी प्रत्येकीला एक कागद फिरवावा लागतो, नो ड्यूज, म्हणजे कुणाचं काही देणं राहिलेलं नाही याचा. ग्रंथालय, प्रयोगशाळा, खेळ, संगणक, स्टोअर, मेस, हाऊस. प्रत्येक चौकटीत एक सही. बाहेरच्याला ही कटकट वाटेल. मला विचाराल तर सात वर्षांतला सगळ्यात मायेचा कागद हाच, कारण त्याच्या निमित्तानं मूल प्रत्येकाच्या दारात एकटं जातं. गर्दी नाही, माइक नाही. खेळाचे सर सही करायच्या आधी विचारतात, "सहावीपासून किती वेळा पोट दुखतंय म्हणून ग्राउंडला आली नाहीस, त्याचे ड्यूज कोण भरणार?" ग्रंथालयाच्या मॅडम कडक. हरवलेल्या पुस्तकाचे पैसे घेतात, पावती फाडतात आणि मग पर्समधून नवं पेन काढून हातात ठेवतात. स्टोअरवाले सर ब्लँकेट, उशी, मच्छरदाणी दोनदा मोजून घेतात, रजिस्टरमध्ये बोट फिरवतात आणि म्हणतात, "या महिन्याचा साबण आणि पेस्ट राहिलीये तुझी. घेऊन जा, हक्काची आहे." मेसमधल्या मावशी सही करत नाहीत, ती मेसच्या सरांची असते. पण कागद घेऊन मुलं आधी त्यांच्याकडेच जातात.

शेवटची चौकट माझी. खाट, कपाट, कुलपाची किल्ली. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला नावं असतात, मागच्या कित्येक बॅचची, पेनानं लिहिलेली, कर्कटकानं कोरलेली. नियमानं ते नुकसान आहे आणि ते भरून घ्यायला हवं. मी दार उघडते, वाचते, लावते आणि सही करते. बोलायचं काही राहिलेलं असेल तर ते यातच बोलून होतं.

मग फाटकाशी वडील मोटरसायकल घेऊन आलेले असतात, किंवा दोन-तीन कुटुंबांनी मिळून काळीपिवळी केलेली असते. पेटी टपावर चढते. वडील लोक पेटीशी बोलतात, "दोर नीट बांध", "कडी निघेल तिची". आया माझ्याशी बोलतात. एका आईनं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, "मॅडम, हिला भाज्या कोणकोणत्या आवडतात हो?" मी चमकले. तर म्हणाली, "सुट्टीला यायची तेव्हा सगळं गोडधोडच करायचे मी. पाव्हणीवाणी. आता रोजचं काय करावं?" मी सांगितलं: कारलं खाते, दोडका खात नाही, चहा अर्धा कप, आणि अभ्यास करताना कुणी बोललेलं चालत नाही. त्या बाईंनी ते असं ऐकलं, जणू डॉक्टर गोळ्यांच्या वेळा सांगतायत. आणि ही "कायमची" मुलगी तरी घरी किती दिवस राहणार होती? मे महिन्यात 'नीट', म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, मग कुणी पुण्याला, कुणी लातूरला, कुणी नागपूरला. आईच्या वाट्याला कारल्याच्या भाजीचे जेमतेम तीन महिने. त्या फाटकाशी उभं राहून स्वतःच्या रडण्याबद्दल बोलायला मला तरी लाज वाटेल.

आता कुणीच विचारत नाही असं एक सांगते. बारावीच्या निरोपाची एवढी चर्चा होते, दहावीनंतर जाणाऱ्यांना निरोपच नसतो. मार्चमध्ये पेपर संपतात, मुलं सुट्टीवर म्हणून घरी जातात, जाताना "मॅम, जूनमध्ये भेटू" म्हणतात. जूनमध्ये भेटतात ते वडील, टीसीचा अर्ज घेऊन. मुलीला विज्ञान नको असतं, किंवा क्लास असलेल्या गावात घालायचं ठरलेलं असतं, किंवा घरची काही अडचण, जी ते सांगत नाहीत. पाच वर्षं राहिलेली मुलगी ऑफिसच्या खिडकीतून एका कागदावर निघून जाते. तिच्या मैत्रिणी संध्याकाळच्या रोल कॉलला मला विचारतात आणि मला सांगावं लागतं. मला वाटतं, दहावीच्या शेवटच्या पेपरनंतर सगळ्यांनाच एक साधं जेवण द्यावं, जाणाऱ्यांना आणि राहणाऱ्यांनाही. स्टाफ मीटिंगमध्ये मांडलं की सगळे माना डोलावतात आणि पुढचा विषय येतो.

आणि 2020. त्या वर्षी समारंभ झाला होता, निरोप झाला नाही. 18 मार्चला बोर्डानं उरलेले पेपर पुढे ढकलले आणि पाठोपाठ मुलांना घरी पाठवायचा आदेश आला. पुस्तकं घ्या, दोन कपडे घ्या, चला. पंधरा दिवसांत परत यायचंय या समजुतीनं मुली हसत गेल्या. जूनमध्ये ते पेपर रद्दच झाले. पेट्या डॉर्मिटरीतच राहिल्या. नंतर कधीतरी एकेकीचे वडील किंवा भाऊ येऊन त्या घेऊन गेले आणि नो ड्यूजच्या कागदावर मी मुलीविना सह्या केल्या.

पण त्याच वर्षी दुसरी मुलं आमच्याजवळ राहून गेली. नवोदयमध्ये नववीच्या 30 टक्के मुलांची वर्षभरासाठी अदलाबदल होते. आपली मुलं हिंदी भाषिक राज्यातल्या विद्यालयात, तिकडची आपल्याकडे. टाळेबंदी लागली तेव्हा देशभरात अशी तीन हजारांहून जास्त मुलं घरापासून लांब अडकली होती. त्यातली काही आमच्याकडे होती, आमची तिकडे. इथल्या पोरांना आम्ही जेवढं जपू तेवढंच तिकडचे सर-मॅडम आमच्यांना जपतील, असं काहीतरी आमचं सगळ्यांचं मनातल्या मनात ठरलं होतं. रिकाम्या शाळेत त्या मुली माझ्या ओट्यावर येऊन बसायच्या. वर्षभर वर्गात "शाला" म्हणणाऱ्या त्या दोन महिन्यांत "शाळा, केळं, पोळी" स्वच्छ म्हणायला लागल्या, आणि माझ्या कुंड्यांना पाणी घालायचं काम त्यांनी आपणहून वाटून घेतलं.

मे महिन्यात परवानगी आली, बस ठरली. मेसमध्ये पहाटेपासून पुऱ्या तळल्या. दोन दिवसांचा रस्ता म्हणून बटाट्याची कोरडी भाजी, लोणचं, गुळाच्या पोळ्या. तोंडाला मास्क, हातात थर्मामीटर, यादी वाचून एकेकीला चढवायचं आणि कुणी कुणाला हात लावायचा नाही. बस सुटताना खिडकीतून एक पोरगी ओरडली, "मॅडम, कुंड्यांना आता पाणी कोण घालणार?" मराठीत. त्या दिवशी मी रडले, क्वार्टरवर जाऊन, पुऱ्यांचे डबे घासता घासता. तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर हवं असेल तर ते हे. आठवड्याभरानं आमची मुलंही परत आली, तिकडून बांधून दिलेली शिदोरी अर्धी उरवून.

आता भाषणाचं. हाऊसतर्फे मला दोन मिनिटं मिळतात. त्यात मी कविता वगैरे म्हणत नाही, मराठीची शिक्षिका असूनही. टीसीच्या आणि मार्कशीटच्या भरपूर झेरॉक्स काढून ठेवा. मूळ कागद कुठल्याही क्लासवाल्याकडे ठेवून येऊ नका, ठेवावाच लागला तर पोच घ्या. बँकेचं खातं चालू आहे ना बघा. नव्या होस्टेलवर पोचलात की पहिला फोन आईला, मला नंतर. मुली हसतात. मोबाईल इथं चालत नाही, त्यामुळे माझा नंबर सगळ्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून नेतात.

जुलै-ऑगस्टमध्ये अनोळखी नंबरांवरून मेसेज यायला लागतात, बहुतेक रात्री अकराच्या पुढे. "मॅम, ओळखा कोण?" ओळखते, लिहिण्याच्या पद्धतीवरून. ऱ्हस्व-दीर्घाच्या त्याच चुका मी सहावीपासून तपासलेल्या असतात. "मॅम, इथं भात फार देतात. झोप येत नाहीये. आईला फोन करून झाला." मी वाचते, पण तेव्हा उत्तर देत नाही. साडेपाचला पीटीची शिट्टी होते, ती झाली की लिहिते: शुद्धलेखन बघ, आणि रात्री लवकर झोपत जा.