देवाक काळजी

आमच्या गाडीत पहिल्यांदा बसणाऱ्या माणसाला मी आधी काही सूचना देतो. मागे बसायचं तर डावीकडून चढायचं आणि उजवीकडे सरकायचं, कारण मागचं उजवं दार उघडत नाही. काच वर करायची असेल तर एका हाताने हँडल फिरवायचं आणि दुसऱ्या हाताच्या पंजाने काच वर ढकलायची. पुढचा खण उघडायचा नाही; उघडलाच तर तो परत मिटवायची जबाबदारी उघडणाऱ्याची. बाकी अगदी मोकळेपणाने बसा. एकदा एवढं सगळं ऐकून पाहुणा चपला बाहेर काढून आत बसला होता.

गाडी 2003 सालची मारुती झेन. 2011 मध्ये मी ती सेकंडहँड घेतली तेव्हा काट्यावर 92,000 किलोमीटर होते, आज 2,78,000 आहेत. त्यातले बहुतेक डिचोली ते पणजी आणि पणजी ते डिचोली. ही गोलसर झेन बनायची बंद झाली 2006 मध्ये, म्हणजे आमच्या हाती आली तेव्हाच ती पेन्शनीत गेलेली होती. मीही आता त्याच वाटेवर आहे, पण तो विषय वेगळा.

सुरुवातीला गाडीचा कुठलाही आवाज ऐकला की माझ्या पोटात खड्डा पडायचा. एकदा आमच्या फिटरकडे मी सतरा तक्रारींची यादी घेऊन गेलो. त्याने ती बॉनेटवर ठेवून वाचली, कानावरची पेन्सिल काढली आणि तीन ओळींपुढे फुली मारली. "हें आतां." मग आणखी चार ओळींपुढे गोल काढले. "हें पावसाआदीं." उरलेल्या दहा ओळींचं काय, म्हणून विचारलं तर यादी माझ्या हातात देत म्हणाला, "देवाक काळजी."

त्या दिवसापासून गाडीत एक शंभर पानी वही असते आणि तिच्यात हेच तीन मथळे आहेत. "देवाक काळजी"ची पानं सगळ्यात आधी भरली. मागचं उजवं दार, एसी, रेडिओ, घड्याळ (दिवसातून दोनदा बरोबर असतं, हा विनोद आमच्या घरी बंदी घालण्याइतका जुना झालाय), डाव्या दारावरचा पोचा, टपाचा उडालेला रंग. ब्रेक, टायर आणि स्टिअरिंग यांना त्या पानावर जागा नाही. फिटरने तशी ताकीदच दिलीय, आणि ती देताना तो अजिबात हसत नव्हता.

पण कुठली गोष्ट कुठल्या पानावर जाते हे मला काही एका दिवसात कळलं नाही. त्याचे पैसे मोजलेत मी. पैसे वाचवायचे म्हणून पहिली दोन वर्षं मी रेडिएटरमध्ये कूलंट न घालता आमच्या विहिरीचं पाणी घालत असे. गार, गोड, फुकट. आम्ही पितो ते गाडीला का चालू नये, असा माझा साधा हिशेब.

मे महिन्यात बेळगावला लग्न होतं. पुढे मी आणि बायको, मागे आई, मावशी आणि अहेराच्या पिशव्या. साखळी झाली, केरी झाली, अंजुण्याचं धरण मागे पडलं आणि चोर्ल्याचा घाट लागला. दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर तापमानाचा काटा मध्यावरून वर हलला. झेनचं इंजिन सगळं ॲल्युमिनियमचं. जास्त तापलं की इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, वाकतं, आणि हेड वाकलं की खिसाही वाकतो. पुढे वळण, मागे ट्रक, थांबायला जागा नाही. तेव्हा फिटरने कधीतरी सांगितलेली युक्ती आठवली: हीटर पूर्ण सोडायचा. इंजिनातलं गरम पाणी डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून फिरतं आणि इंजिनाची काही उष्णता माणसांच्या अंगावर येते. काटा खरोखरच रेघभर खाली आला.

"अरे, गरम वारा येतोय," आई म्हणाली.

"हीटर लावलाय."

मागे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग पैठणीतल्या मावशीने शांतपणे विचारलं, "बाबा, आम्हाला लग्नाला नेतोयस की उकड्या तांदळासारखं शिजवायला?"

घाटमाथ्यावर गाडी कडेला घेतली. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नसतं, उकळतं पाणी तोंडावर येतं, एवढी अक्कल होती. पाऊण तास आम्ही झाडाखाली उभे राहिलो. पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या, जेवणं मात्र चालू होती. मावशीने तिथे भेटेल त्याला हीटरची गोष्ट सांगितली. वधूवरांना आशीर्वाद देतानाही सांगितली असावी.

फिटरने रेडिएटर रिकामा केला तेव्हा खालच्या तसराळ्यात जे पडलं ते श्रावणातल्या वाळवंटी नदीच्या पाण्यासारखं दिसत होतं. तांबडं, गढूळ, तळाला गाळ. "उदक खंयचें?" त्याने विचारलं. "घरच्या विहिरीचं," मी म्हणालो. खरं सांगायचं तर थोडा अभिमानच होता आवाजात. मग त्याने समजावलं, की पाण्यातले क्षार आतल्या बारीक नळ्यांत साचतात, धातू गंजतो. कूलंट म्हणजे नुसतं रंगीत पाणी नव्हे, तो गंज थोपवतो आणि उकळीही लांबवतो. त्या दोन वर्षांत मी कूलंटचे काही शे रुपये वाचवले होते. नवा रेडिएटर, थर्मोस्टॅट आणि पाण्याचे होजपाइप यांचं बिल आईला अजून सांगितलेलं नाही.

तेव्हापासून माझी काटकसर जरा शहाणी झाली. एक्सलच्या टोकाला रबरी बूट असतो. तो फाटला की ग्रीस उडून जातं, माती शिरते, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की कटकट असा आवाज येऊ लागतो. बूट स्वस्त, आतला जॉइंट महाग. म्हणून महिन्यातून एकदा मी पंचा अंथरून गाडीखाली डोकं घालतो आणि बूट चाचपून बघतो. शेजारी समजतात गाडी बिघडली. धुराचंही तसंच: निळसर दिसला तर ऑइल जळतंय, काळा तर पेट्रोल जास्त होतंय, पांढरा आणि थांबतच नाही म्हणजे पाणी आत शिरतंय. आमची सकाळी पहिल्या स्टार्टला निळा उसासा टाकते आणि गप्प होते. व्हॉल्व्हचे सील म्हातारे झालेत. फिटर म्हणाला ऑइलची पट्टी दर रविवारी बघ, कमी असेल तर घाल, इंजिन खोलू नको. पान क्रमांक तीन.

पण गोव्यात जुन्या गाडीला इंजिन मारत नाही, पाऊस मारतो. इथे जूनपासून पावसाचा हिशेब इंचांत सुरू होतो आणि शंभरी गाठली की पेपरात बातमी येते. मारुतीचं किंवा आणखी कुणाचं, पत्र्याचं दार असतं त्यात काचेच्या फटीतून पाणी जातंच, जायचंच असतं. ते बाहेर पडायला दाराच्या तळाशी छोटी भोकं ठेवलेली असतात. माती आणि पानांनी ती बुजली की दार आतून हंड्यासारखं भरतं आणि गंजायला लागतं. ब्रेक मारला की आत पाणी डचमळल्याचा आवाज येतो, तो मी ऐकलाय. वायपरखालच्या जाळीतही तेच. आमची गाडी फणसाखाली उभी असते, त्यामुळे तिथे पानांचं खतच तयार होतं; पाणी तुंबतं आणि थेट पायाशी उतरतं. म्हणून मे संपता संपता मी खराट्यातला माडाचा एक चांगला चिवट हीर उपसतो आणि चारही दारांची भोकं उकरून काढतो. तार वापरायची नाही, रंग खरवडतो. या कामाला एक रुपयाही लागत नाही आणि गाडीचं आयुष्य याच्याइतकं दुसऱ्या कशाने वाढलेलं मला माहीत नाही. दिवाडी-चोडणच्या फेरीबोटीतून उतरताना चाकं खाऱ्या पाण्यात गेली, की घरी आल्यावर खालून गोड्या पाण्याचा पाइप. त्याला मात्र विहीर चालते.

कागदांचा खर्च वेगळाच. जून 2022 च्या दरांप्रमाणे थर्ड पार्टी विमा 1,000 सीसीपर्यंतच्या मोटारीला 2,094 रुपये आणि त्याच्या वर 1,500 सीसीपर्यंत 3,416, शिवाय जीएसटी. आमचं इंजिन 993 सीसीचं. सात सीसींनी वाचलो. नोंदणीत मात्र सुटका नाही. पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी ती नव्याने करावी लागते. 2018 मध्ये तिची फी 600 रुपये होती, 2023 मध्ये 5,000 भरली, आणि ऑगस्ट 2025 पासून वीस वर्षांवरच्या मोटारींना 10,000 झाली. आमची पाळी 2028 मध्ये. भंगारवाला पूर्ण गाडीचे 20,000 देतो म्हणतो. बायकोने हे दोन आकडे वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवलेत. खाली काही लिहिलेलं नाही.

परवा सर्व्हिसिंगला गाडी टाकली होती. संध्याकाळी आणायला गेलो तर गॅरेजच्या मागच्या बाजूला आणखी एक झेन उभी होती, पांढरी, चाकं नसलेली, चार चिऱ्यांवर टेकवलेली. धनी परदेशी गेला, मुलांनी मोडीत काढली, फिटर सांगत होता. बोलता बोलता त्याने आमच्या गाडीचं मागचं उजवं दार धरलं आणि उघडलं. मी बघतच राहिलो. त्या पांढऱ्या गाडीचं लॉक आणि आतली सळई त्याने आमच्या दारात बसवली होती. आतलं हँडलही तिचंच; आमची तिन्ही करडी, हे एक बदामी. पैसे विचारले तर म्हणाला, "च्या पाज."

घरी आल्यावर मी वहीतली ती ओळ खोडली. "देवाक काळजी"तून खोडलेली ती पहिलीच ओळ.

दुसऱ्या दिवशी आईला देवळात न्यायचं होतं. मी मुद्दाम उतरून उजवं दार उघडून धरलं. आईने दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, गाडीला मागून वळसा घालून पलीकडे गेली, डावीकडून आत चढली आणि पदर सावरत, नेहमीसारखी सरकत सरकत, माझ्या सीटमागे येऊन बसली.

"दार लावून घे," म्हणाली, "वारा येतोय."